संकटात देवावर भार टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

रानफूल

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वाचतेच, लिहिते कमी. पण आता मनातलं सांगायला दुसरी जागा नाही.

माझं माहेर तासगाव भागातलं. दादाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला, घडकूज झाली, मागोमाग डाऊनीची बुरशी आली. त्यातून वाचलेल्या घडांवर पुढे गारा पडल्या. बाग फेल गेली. गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज आहे, औषधांच्या दुकानाची उधारी आहे, पाहुण्यारावळ्यांकडून घेतलेले हातउसनेही आहेत. दादाने बोलणंच टाकलंय. सकाळी गाडी काढतो, औदुंबरला जातो, घाटावर बसून राहतो. दुपार टळल्यावर परत येतो. ताट वाढलं तर दोन घास खातो आणि उठतो.

घर सगळं देवभोळं. आत्या म्हणते, गुरुचरित्राचा सप्ताह लावा. चुलते म्हणतात, त्याच्यावर सोडा, तो बघून घेईल. कुणीतरी एका महाराजांकडे घेऊन गेलं. त्यांनी जमिनीला दोष सांगितला आणि शांतीसाठी एकवीस हजार मागितले. काल रात्री वहिनीचा फोन आला. ती म्हणाली, "वन्सं, देवावर सोडायचं म्हणजे मी बँकेत जायचं का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

माझी श्रद्धा आहे, देव आहे की नाही हा वाद इथे नको. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. भार देवावर टाकला म्हणतात, तो टाकलेला माणूस दिवसभर काय करतो? आणि देव वाट दाखवतो म्हणतात, ती त्यानेच दाखवलेली हे ओळखायचं कसं?

इंद्रायणीकाठ

रानफूल, तुमच्या वहिनींचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. मी देहूजवळ राहतो, त्यामुळे हा प्रश्न आला की पहिल्यांदा तुकोबाच आठवतात.

आपण त्यांना टाळ-वीणा घेतलेले संत म्हणून पाहतो. पण ते वाण्याचा धंदा करणाऱ्या, महाजनकी असलेल्या घरातले. सावकारी होती. आईवडील गेले आणि पाठोपाठ १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. दुकान बसलं. थोरली बायको उपासमारीत गेली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय: "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥" या ओळीत देवाने वाचवल्याचा शब्द नाही. काही वाचलं नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. पुढे तेच म्हणतात, या दुःखाची लाज वाटली, धंद्यात तूट आलेली दिसत होती, देवाचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं चित्तात आलं. सगळं गमावलेला माणूस आधी गावातलं पडकं देऊळ हातात घेतो. माती, दगड, स्वतःचे हात.

दुसरी गोष्ट परंपरेने सांगितली जाते. लोकांनी लिहून दिलेली कर्जखतं त्यांनी आणि धाकट्या कान्होबाने वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिली. कर्जाने गांजलेल्या घरातून तुम्ही विचारताय म्हणून मुद्दाम सांगतो. देवाकडे वळलेला सावकार आधी लोकांना मोकळं करतो. महाराज म्हणवून घेणारा पडलेल्या माणसाकडून एकवीस हजार मागतो, तेव्हा दोघांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

एक विनंती. "बरे जाले देवा निघाले दिवाळे" हा अभंग दादांना कुणी ऐकवत असेल तर थांबवा. तो ज्याचं दिवाळं निघालं त्याने स्वतः, आतून म्हणायचा आहे. पोट भरलेल्याने दुसऱ्याला सुनावायचा नाही.

वहिनींना माझं उत्तर: बँकेत जायचं. "जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती" म्हणताना तुकोबा घरी बसलेले नाहीत, वाटेवर आहेत. हात धरणारा बरोबर आहे म्हणून पाय उचलतात.

कोकणकडा

वाट ओळखायची कशी, यावर आमच्याकडची रीत सांगतो. मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे संकट आलं की माणूस ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतो. एकट्याने, मनातल्या मनात नाही. देवळात गुरव असतो, मानकरी असतात, ज्याचं दुखणं तो असतो. मोठ्याने सांगितलं जातं, "बा देवा म्हाराजा, आज हो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलो हा…" आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. काय अडचण आहे, कुणाशी भांडण आहे, कुणाचं देणं आहे, सगळं गावासमोर येतं. मग कौल. गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या किंवा तांदूळ लावतो आणि उजवी पडते की डावी, याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. गोव्यात यालाच प्रसाद लावणं म्हणतात.

कौलावर विश्वास ठेवावा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मी ठेवतो. पण लहानपणापासून मी एक पाहिलंय. कौल पडायच्या आधीच अर्धं ओझं उतरलेलं असतं, कारण लपवलेलं सगळं बोलून झालेलं असतं. ज्याच्या घरात चूल पेटत नाही, त्याची खबर त्या दिवशी सगळ्या वाडीला होते. मग कुणी भात आणून देतो, कुणी मुंबईच्या पुतण्याला फोन लावतो. तुमचो दादा घाटार एकटोच बसता, ह्या माका बरा दिसणा नाय. त्याच्यासाठी "व्हय म्हाराजा" म्हणणारी चार माणसं जवळ हवीत.

खडकाळ

मी औसा तालुक्यातला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. रात्री गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले होते. आमच्याकडे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीची माळवदं. उन्हाळ्यात गार राहायची ती घरं, पण त्या पहाटे माणसं त्यांच्याखालीच राहिली. हजारोंनी गेली.

त्यानंतर "देवाची मर्जी" हा शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकला की अजूनही कानाला टोचतो. म्हणून हात जोडून सांगतो, रानफूल, कुणीही तुमच्या दादाला देवाने हे का केलं ते समजावून सांगू नये. कुणालाच ते माहीत नसतं.

माझी आजी आराधीण होती, तुळजापूरच्या आईची. दर मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. भूकंपात तिची बहीण, भाचा, त्याची लेकरं गेली. कित्येक दिवस ती देवघरासमोर बसून मोठ्याने भांडायची. "आई, तू झोपली होतीस का? मला सांग." आम्हाला पोरांना भीती वाटायची, देवी कोपेल म्हणून. पण मंगळवार आला की परडी बाहेर निघायची. त्यात मिळालेलं पीठ ती पत्र्याच्या शेडमधल्या कुटुंबांना वाटून यायची. ना तिने भांडण सोडलं, ना परडी. आधार म्हणजे काय असं कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांसमोर हेच येतं. दादाला देवाशी भांडू द्या. रागवू द्या. तो गप्प आहे, त्याची मला जास्त काळजी वाटते.

दीपमाळ

खडकाळ यांच्या शेवटच्या वाक्याला धरून आधी तातडीचं लिहिते. मी सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. कर्ज, पीक गेलेलं, बोलणं बंद, जेवण कमी, एकटं पाण्याच्या काठी बसणं. रानफूल, हे भक्तीच्या खात्यावर टाकून वाट बघू नका. त्याला आजच सरळ विचारा, "दादा, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर पडतो. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. फवारणीची औषधं घरात किंवा शेडवर असतील तर वहिनींना सांगून कुलपात ठेवा, किल्ली तिच्याकडे राहू दे. हे सगळं करून झालं की त्याच्याबरोबर औदुंबरला जा आणि शेजारी बसा.

महाराजांबद्दल: भीती घालून पैसे मागणारा माणूस कुठल्याही देवाचा नाही. दैवी शक्तीच्या नावाने फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. वहिनींना घाबरू नका म्हणावं. ते पैसे दुकानाच्या उधारीत भरा.

सातपुडा

दीपमाळताई, बरं झालं लिहिलंत. शेतीच्या बाजूने थोडं जोडतो. हवामान आधारित फळपीक विमा काढला असेल तर आधी पावती शोधा. गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं, कळवलं होतं का ते बघा. पंचनाम्यात नाव आणि क्षेत्र बरोबर लागलंय का, हे तलाठी आणि कृषी सहाय्यकाकडे स्वतः जाऊन पाहा. कर्जाच्या पुनर्गठनासाठी सोसायटीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वहिनी गेल्या तरी चालतं, फक्त कर्ज दादाच्या नावावर असेल तर सही त्याची लागेल. जाताना देवाला नमस्कार करून जा. मीही करतो.

तुळसमाळ

सगळ्यांचं वाचलं. पटलंही. पण मला वेगळं म्हणायचंय, आणि जरा कळकळीने.

बँकेत जा, अर्ज द्या, माणसं गोळा करा, हे सगळं खरं. पण काही वेळा करण्यासारखं काही उरतच नाही. माझा मुलगा अतिदक्षता विभागात होता तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता फक्त वाट बघायची. आमच्याकडे अर्ज नव्हता, सही नव्हती. रात्रभर बाहेरच्या बाकड्यावर मी आणि हे बसून होतो. मला हरिपाठ पाठ आहे, पण त्या रात्री एक ओळ सलग आठवत नव्हती. नुसतं "विठ्ठल विठ्ठल" निघत होतं, तेही मध्येच अडखळायचं. त्या नामाने मुलाचा ताप उतरला असं मी म्हणत नाही. तो बरा झाला, पण शेजारच्या बाकावरच्या बाईंचा मुलगा गेला, आणि त्याही तितक्याच मनापासून त्यांच्या देवाला हाक मारत होत्या. मग मी कशाच्या जोरावर म्हणू की माझं ऐकलं आणि त्यांचं नाही?

तरीही ते नाम नसतं तर मी पहाटेपर्यंत त्या बाकड्यावर टिकले नसते. देव कामाला लावतो हे खरंच, पण हात रिकामे असताना नुसता जवळ बसतो, हेही खरं आहे. दादाला औदुंबरच्या घाटावर कदाचित तेच मिळत असेल. त्याला तिथून उठवायची घाई करू नका, सोबत मात्र ठेवा.

घंटानाद

मी नगर जिल्ह्यातला मराठी ख्रिस्ती. आमच्या घरात संकटाच्या वेळी दाविदाची स्तोत्रं वाचली जातात, आणि त्यांतली कितीतरी तक्रारीची आहेत. "किती काळ, परमेश्वरा?" असं विचारणारी. खडकाळ यांची आजी आमच्या चर्चमध्ये बसली असती तर तिला ती जवळची वाटली असती.

पंडिता रमाबाईंबद्दल सांगावंसं वाटतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. आधी वडील, मग आई, पुढे बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ तसेच पायी देशभर भटकले. हातातलं होतं नव्हतं ते ब्राह्मणांना आणि देवांना देऊन झालं होतं. पुढे त्यांनी ख्रिस्ताचा आसरा घेतला. तो त्यांचा शोध होता, त्यावर इथे वाद नको. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतः भुकेतून गेलेली ही बाई तिकडे गेली आणि उपाशी मुली, विधवा यांना शेकड्याने घेऊन आली. पुण्याजवळ केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं राहिलं. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, छापखाना. रोजच्या धान्यासाठी प्रार्थना व्हायची आणि रोज बैलही जुंपले जायचे. बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी तिथेच केलं. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या हयातीतच गेली, पुढच्या वर्षी त्याही गेल्या. काम थांबलं नाही.

रानफूल, आमच्या रविवारच्या प्रार्थनेत तुमच्या दादाचं नाव न घेता त्याच्यासाठी प्रार्थना करू. चालेल ना?

रानफूल

चालेल काय, पाया पडते तुमच्या.

दीपमाळताई, विचारलं मी. फोनवर नाही, गाडी पकडून घरी आले आणि शेडवर बसून विचारलं. दादा खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वाटतं कधीकधी." आणि रडला. लहानपणानंतर मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. औषधं कुलपात आहेत. १४४१६ ला वहिनीसमोर फोन लावून दिला, बोलला तो. आता जिल्हा रुग्णालयात दाखवणार आहोत. आत्याला सप्ताह करू दे म्हटलं, पण दादाला उपास-सोवळ्याची सक्ती नाही.

महाराजांना नकार कळवला. वहिनीनेच कळवला.

अघनाशिनी

रानफूल, वाचून जीव भांड्यात पडला.

मी गोव्याची. आमच्याकडे आसऱ्याची गोष्ट उलटी आहे. १५६० च्या सुमारास पोर्तुगिजांमुळे साष्टीतल्या देवळांवर संकट आल्यावर कुशस्थळीच्या मंगेशाला माणसांनीच उचललं आणि जुवारी नदी ओलांडून अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, प्रियोळला नेलं. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. तिकडे तेव्हा पोर्तुगिजांची सत्ता नव्हती. आज जी भव्य देवळं दिसतात, दीपमाळा, तळी, नगारखाने, ती पुष्कळ नंतरची. सुरुवातीला साधा निवारा होता. ज्याच्याकडे आयुष्यभर रक्षण मागितलं त्यालाच पदराखाली घेऊन नदी पार करायची वेळ आली, तेव्हा त्या माणसांच्या मनात काय चाललं असेल? "हा स्वतःला वाचवू शकला नाही, मग आम्हाला काय वाचवणार?" असं म्हणून त्यांना सोडून देता आलं असतं. त्यांनी सोडलं नाही. घरदार, कुळागरं (नारळी-पोफळीच्या बागा) मागे ठेवली आणि देव नेला. आमची आजी मंगेशीला गेली की देवासमोर फार काही मागायची नाही, "बरो आसा मरे?" असं त्यालाच विचारायची.

माझी श्रद्धा यावरच उभी आहे. देव मला संकटातून बाहेर काढेलच, अशी अट मी घालत नाही. आम्ही एकमेकांना सोडत नाही, एवढंच.

मंगळवेढेकर

अघनाशिनीताईंचं सुंदर आहे. पण आमच्या चोखोबांना देव उचलून न्यायची मुभाच नव्हती. देवळाच्या पायरीच्या वर पाऊल टाकायला बंदी. गावकुसाच्या कामावर वेठीला असताना भिंत कोसळून ते गेले, १३३८ साली, आमच्या मंगळवेढ्यात. नामदेवांनी अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. ज्याने विठ्ठलाला सगळ्यात आर्त हाक मारली, त्याच्या लोकांना आत जायला १९४७ उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षांहून जास्त काळ. देवाने दार बंद केलं नव्हतं, माणसांनी केलं होतं, आणि ते उघडायलाही माणूसच लागला.

म्हणून "देव बघून घेईल" असं म्हणणाऱ्या तुमच्या चुलत्यांना माझा निरोप द्या: देव बघतोय, आता तुम्ही सोसायटीच्या सचिवाकडे पुतण्याबरोबर जा. गावात त्यांचा शब्द चालत असेल तर तो आज वापरा.

कोकणकडा

व्हय म्हाराजा!

पायवाट

शाळेत शिकवतो. वाट कशी ओळखायची, या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येतो, तो जरा मागे पडला. रामदासांच्या एका प्रार्थनेचं पालुपद "बुद्धि दे रघुनायका" असं आहे. आमच्या शाळेत पोरं रोज म्हणतात. त्यात युक्ती नाही, विद्या नाही, काही समजत नाही, असं मोकळं सांगून झाल्यावर मागितली आहे ती बुद्धी. संकट टळू दे असं त्या ओळीत मागितलेलं नाही. आभाळातून आवाज येईल, स्वप्नात दृष्टांत होईल, अशी वाट मी बघत नाही. प्रार्थना करून उठल्यावर भीती थोडी बसलेली असते, आणि बसलेल्या भीतीने घेतलेला निर्णय घाबरून घेतलेल्या निर्णयापेक्षा चांगला निघतो. अमुक एक वाट देवाची आहे का, हे तपासायला मी एकच प्रश्न विचारतो: या वाटेने गेल्यावर मला कुणापासून काही लपवावं लागेल का? लपवावं लागत असेल तर ती त्याची नाही. महाराजांच्या एकवीस हजारांबद्दल वहिनींना घरी सगळ्यांना सांगता आलं असतं का, हेच बघा.

तुळसमाळ

पायवाट, तुमचा प्रश्न मी लिहून घेतला.

रानफूल

चुलते काल दादाबरोबर सोसायटीत गेले. लगेच काही झालं नाही, सभेत विषय ठेवू म्हणाले, अर्जाची पोच मिळाली. विम्याची पावती सापडली, पण नुकसान मुदतीत कळवलं होतं की नाही ते अजून समजत नाही. संध्याकाळी घाटावर आम्ही तिघं गेलो. दादा म्हणाला, तुकोबाचं ते दुष्काळाचं काय होतं ते वाचून दाखव. मला एवढी एकच ओळ माहीत होती. पूर्ण अभंग कुठे मिळेल?

इंद्रायणीकाठ

शासकीय गाथेत आहे. "याती शूद्र वैश्य केला वेवसाव" इथून सुरू होतो, सूचीत 'या'खाली बघा. मोठा आहे, बायको-पोरांपासून देवळाच्या दुरुस्तीपर्यंत सगळं त्यात आलंय. गाथा घरी नसेल तर गावातल्या भजनी मंडळाकडे नक्की असते, वीणेकऱ्यांना विचारा. मोठ्याने वाचा, आणि वहिनींनाही बसवा.